बाणाचं पातं आणि रबरबँड



या कार्यक्रमात मी याआधी दोनदा आलो. एकदा घराच्या कर्जावर बोललो, एकदा कॉलेजच्या अर्जांवर. आजचा विषय ऐकून काहीजण आवाज बारीक करतील याची मला कल्पना आहे. तरी थोडं थांबा. आज मी बोलणार आहे ते धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना बाणाच्या पात्याला धार कशी लावायची यावर.

हा विषय आत्ताच घेतला, कारण मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो. तो १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. मग १५ तारखेपासून बंदुकीचे सोळा दिवस, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा धनुष्य. आपली मुलं इथे वाढतायत. त्यांच्या शाळेतल्या मित्रांकडे गराजमध्ये धनुष्यं टांगलेली असतात, मित्राचे वडील 'येतोस का आमच्याबरोबर?' म्हणून विचारतात, आणि मुलगा किंवा मुलगी घरी येऊन आपल्या मागे लागते. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'अहो, तुम्ही जाता ना? पोरगं ऐकत नाही, काय करू?'

जायचं की नाही, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या घरात, तुमच्या स्वयंपाकघरात ठरेल. आपल्या पिढीने शिकार पाहिलीच नाही. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गोष्टींत आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवर उरली. इथे चित्र वेगळं आहे. एकट्या मिशिगनमध्ये वर्षाला ५०,००० हून जास्त वेळा गाडी आणि हरीण यांची टक्कर होते. ही गणितं मांडून मला कोणाला पटवायचं नाही. पण जायचं ठरलंच, तर नेम, धनुष्याचा ब्रँड, हिरवे-तपकिरी कपडे या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट येते, आणि दुकानात तुम्हाला ती कोणी सांगत नाही. ती म्हणजे धार.

आधी हे समजून घ्या की बाण मारतो कसा.

एक आकडा सांगतो, सल्लागाराची सवय आहे, माफ करा. साधारण ४०० ग्रेनचा बाण, म्हणजे जेमतेम २६ ग्रॅम, सेकंदाला २८० फूट वेगाने सुटला तर त्याच्यात सुमारे ७० फूट-पाउंड ऊर्जा असते. इथली नेहमीची थर्टी-ऑट-सिक्स रायफल घ्या. तिची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा ही ऊर्जा २,८०० च्या आसपास असते. चाळीस पट! गोळी स्वतःच्या धक्क्यानेच आतलं सगळं उद्ध्वस्त करते. बाणाकडे तो धक्का नाही. तो फक्त कापतो. दोन्ही फुप्फुसांतून आरपार कापत गेला की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही, आणि हरीण काही सेकंदांत खाली येतं. बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत सापडतं. पण त्या पात्याने कापलंच नाही, तर तुमच्या हातात आठशे डॉलरचं धनुष्य असून तुम्ही त्या जनावराला एक काठी फेकून मारलीत, एवढंच.

मराठीत आपण 'जिव्हारी लागलं' असं रोज म्हणतो. कोणी टोमणा मारला तरी म्हणतो. जिव्हार म्हणजे शरीराची मर्माची जागा. हरणाचं जिव्हार पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यात असतं, साधारण जेवणाच्या ताटाएवढं. तिथे बाण पोहोचवणं हे नेमाचं काम. पोहोचल्यावर काय होतं हे धारेवर ठरतं.

आता रक्ताकडे येऊ. ज्यांना नको वाटतं त्यांनी दोन मिनिटं चहा ठेवून या.

दाढी करताना नव्या ब्लेडने कापलं की काय होतं आठवा. जखम दिसत नाही एवढी बारीक, पण रक्त थांबता थांबत नाही. कागदाचा तुकडा चिकटवून ऑफिसला जावं लागतं. आणि लहानपणी डांबरी रस्त्यावर पडून गुडघा फुटायचा, तेव्हा? जखम मोठी, आई घाबरलेली, पण रक्त थोड्या वेळात आपोआप थांबायचं. कारण असं आहे. रक्तवाहिनी फाटली, चिरडली, तिच्या कडा ओबडधोबड झाल्या, की तिथल्या इजा झालेल्या पेशींतून रक्त गोठवणारे घटक भराभर बाहेर पडतात. रक्तातल्या प्लेटलेट्सना धरायला खडबडीत जागा मिळते. शिवाय ताणून तुटलेली वाहिनी आक्रसते आणि स्वतःचं तोंड मिटून घेते. शरीराची ही आपत्कालीन योजना फार हुशार आहे. गुळगुळीत, स्वच्छ कापलेल्या वाहिनीत ती योजना उशिरा सुरू होते.

म्हणजे बोथट पातं त्या जनावराचं शरीर जखम बंद करायला मदत करतं. ऐकायला हे दयाळू वाटतं, पण आहे उलट. जखम धड जीवही घेत नाही आणि धड बरीही होत नाही. रक्ताचा माग पन्नास पावलांवर संपतो, हरीण दाट झाडीत जाऊन बसतं, आणि तुम्ही रात्री टॉर्च घेऊन फिरत राहता.

दुसरी गोष्ट, बोथट पात्यापुढून रक्तवाहिन्या सरकतात. त्या रबरी नळ्यांसारख्या लवचिक असतात. पिकलेल्या टोमॅटोवर बोथट सुरी ठेवून पाहा. साल आधी दबते, मग सुरी घसरते, मग कधीतरी फाटते. पोटात तसंच होतं. बाण आत जातो, पण ज्या वाहिनीसाठी गेला ती बाजूला होऊन त्याला वाट देते.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. गराजमधल्या मोठ्या फ्रीझरमधून खवलेला नारळ घ्यायला त्या आल्या, तेव्हा मी दगडावर पातं घासत होतो. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'जावईबापू, कोरड्या निसण्यावर काय घासताय, पाणी सोडा की थोडं.' मी पाणी सोडलं. आणखी थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, 'त्याला कळतं का हो?'

मी म्हटलं, 'आई, नव्या धारेच्या विळीवर बोट कापलं तर आपल्याला कधी कळतं? कांद्यावर लाल दिसलं की कळतं. तसं होतं कधीकधी. बाण आरपार जातो आणि ते हरीण चार पावलं उडी मारून पुन्हा उभं राहतं, इकडेतिकडे बघतं, मग खाली बसतं.'

'आणि बाकीच्या वेळी?'

मी सांगितलं, 'त्या बाकीच्या वेळा कमी करायच्या, म्हणूनच हे घासणं चाललंय.' त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नारळ घेऊन आत गेल्या. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आमची विळी आणून माझ्यापुढे ठेवली, 'हिलाही लावा,' म्हणाल्या. पण त्यांचा प्रश्न मी दर हंगामात स्वतःला विचारतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि यंदा पहिल्यांदा माझ्याबरोबर येणार आहे. त्याच्या आईने परवानगी देताना अट घातली ती हीच: आजीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं पाहिजे, आणि ते हाताने देता आलं पाहिजे.

धार हा काही अलीकडच्या लोकांचा हट्ट नाही. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ इशी नावाचा एक माणूस डोंगरातून खाली आला. याही जमातीतला तो शेवटचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि तिथे सॅक्स्टन पोप नावाच्या सर्जनशी त्याची मैत्री झाली. इशी ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, आणि मिळेल तेव्हा बाटलीच्या काचेचे, बाणांचे फाळ घडवायचा. टोकदार हत्याराने दाबून एकेक कपची उडवायची, कानस नाही की दगड नाही. त्या काचेची कड लोखंडाला मिळणार नाही इतकी बारीक असते. पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि १९२३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतली आजची धनुष्यबाणाची शिकार बरीचशी त्या मैत्रीतून उगवली. रोज शस्त्रक्रियेची सुरी हातात धरणाऱ्या माणसाने ती उचलून धरावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आणि आपल्या मिशिगनचे फ्रेड बेअर. १९३३ साली डेट्रॉईटमध्ये त्यांनी धंदा सुरू केला, पुढे १९४७ साली ग्रेलिंगला नेला. वरती मॅकिनॉ पुलाकडे जाताना ग्रेलिंग लागतं, तुमच्यापैकी बरेचजण तिथे पेट्रोल भरायला थांबले असतील. १९५० च्या दशकात त्यांनी जे पातं बाजारात आणलं, त्यात मुख्य पात्याला आडवं एक दाढीच्या ब्लेडसारखं पातळ पातं सरकवायची सोय होती. मुख्य पातं हाडाला टक्कर देणार, आडवं पातं कापणार. विचार तोच.

आता गराजमध्ये चला.

दुकानात तीन तऱ्हेची पाती मिळतात. इथे त्यांना ब्रॉडहेड म्हणतात, वजन बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन. मिशिगनच्या नियमात पात्याची रुंदी किमान ७/८ इंच आणि बाणाची लांबी किमान १४ इंच हवी, असं आहे. धारेचं माप त्यात नाही. ते तुमच्या विवेकावर सोडलंय म्हणा.

पहिली तऱ्हा म्हणजे आपटल्यावर उघडणारी पाती. यावर मी फार बोलणार नाही, मला ती आवडत नाहीत. हलणारा भाग जितका जास्त तितकी बिघडायची शक्यता जास्त, हे मी रोजच्या कामात बघतो. दुसरी, ब्लेड बदलायची. ब्लेड बोथट झालं की काढून नवं घालायचं. नवशिक्याला हे सोपं, पण पाकिटातून काढलेलं नवं ब्लेड धारदारच असतं असं धरून चालू नका. कारखान्यातून आलेलं प्रत्येक ब्लेड तपासा. तिसरी, एकसंध पोलादाची दोन किंवा तीन धारांची पाती. ही आयुष्यभर घासून वापरता येतात, आणि मुलाला शिकवायचं असेल तर हीच घ्या.

मला हे काम शेजारच्या आजोबांनी शिकवलं. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यात आयुष्यभर टूल अँड डायचं काम करून निवृत्त झालेला माणूस. इंचाच्या हजाराव्या भागात बोलतो. त्यांचा पहिला नियम: बेंच ग्राइंडरला हात लावायचा नाही. चाकावर ठिणग्या उडतात, पातळ कड तापते, निळी पडते, आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार दोन मिनिटांत बसते. पाणी देणं, पाणी उतरणं हे शब्द आपल्या लोहारांकडे आहेतच. मी ते इंग्रजीत समजावायला गेलो तर आजोबा खूष झाले.

दुसरा नियम: पातं बोटांनी धरायचं नाही. जुना मोडका बाण घ्या, पुढचा वीतभर तुकडा कापा, त्यात पातं घट्ट फिरवून बसवा. झाली मूठ. पातं फिरवताना त्यासाठीचा छोटा पाना मिळतो तो वापरा. धनुष्यबाणाच्या शिकारीत माणसांना होणाऱ्या जखमा बऱ्याचदा स्वतःच्याच पात्याने होतात, बसवताना आणि काढताना. मुलाला कापायचा धोका नसलेले हातमोजे आधी द्या, बाकी सगळं नंतर.

आता तीन धारांचं पातं असेल तर काम सोपं आहे. तिन्ही पाती एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. ते आडवं ठेवलं की दोन पाती एकाच वेळी सपाट टेकतात आणि कोन आपोआप ३० अंशांचा धरला जातो. तुमचा हात हलला तरी कोन बिघडत नाही. दहा वेळा घासायचं, एक घर फिरवायचं, पुन्हा दहा, पुन्हा फिरवायचं. मोजून. मोजणी चुकली की एक पातं जास्त झिजतं आणि बाण डुलत जातो. सुरुवात सपाट कानशीवर करा. पातं कानशीच्या टोकाकडून मुठीकडे न्या, उलट ओढलं की कानशीचे दाते मरतात. कानशीवर आधी खडू फिरवा, लोखंडाचा कीस अडकत नाही. कानस पकडतच नसेल, काचेवरून घसरावी तशी घसरत असेल, तर ते पोलाद कानशीपेक्षा कडक आहे. त्याला हिऱ्याच्या भुकटीचा दगड लागतो.

दोन धारांच्या पात्याला हात स्थिर लागतो. कोन प्रत्येक बाजूला २० ते २५ अंश. कोनमापक शोधत बसू नका. कागदाचा काटकोन घ्या, घडी घाला, ४५ झाले. पुन्हा घडी, साडेबावीस. तो कागद दगडाशेजारी उभा ठेवा आणि डोळ्याने मिळवा. पात्याच्या उतारावर काळं मार्कर फिरवा. चार वेळा घासून बघा, काळं कुठून गेलं. फक्त वरून गेलं असेल तर तुम्ही पातं फार निजवताय, अगदी कडेवरूनच गेलं असेल तर फार उभं धरताय. सगळीकडून सारखं गेलं की कोन जमला. हे मार्करचं तंत्र मुलांना फार आवडतं, कारण उत्तर लगेच दिसतं.

आणि आता जिथे नव्वद टक्के लोक थांबतात ती जागा. एका बाजूने घासत गेलं की धारेच्या पलीकडे लोखंडाची एक बारीक कोर वळते. इथे तिला बर म्हणतात. अंगठा धारेवरून लांबीने कधीच फिरवायचा नाही. धारेला आडवा, पाठीकडून कडेकडे, हलकेच न्यायचा, म्हणजे ती कोर नखाला अडकल्यासारखी लागते. टोकापासून बुडापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये जिथे लागत नाही तिथे दोन उतार अजून भेटलेच नाहीत, तिथे धार नाही, घासत राहा. सलग कोर आली की बाजू बदला आणि तिला परत वळवा. मग बारीक दगड, मग आणखी बारीक, आणि प्रत्येक वेळी हाताचा दाब कमी. शेवटी नुसतं पात्याचं वजन.

बोट लावून ती कोर खरखरीत लागते आणि माणसाला वाटतं, वा, काय धार आली! ती धार नव्हे. ती तारेसारखी कोर पहिल्या बरगडीला, खरं तर पहिल्या केसांनाच, दुमडते आणि खाली राहते बोथट गोल कड. तिला काढायला चामड्याचा पट्टा लागतो. गावाकडे न्हावी वस्तरा पट्ट्यावर सट्-सट् फिरवायचा, ते यासाठीच. चामड्यावर हिरवं पॉलिश चोळा आणि पातं उलटं ओढा, पाठ पुढे, धार मागे. धार पुढे नेली तर चामडं कापलं जाईल. चामडं नसेल तर ॲमेझॉनच्या खोक्याचा पुठ्ठासुद्धा चालतो, त्याचा आपल्याकडे तुटवडा नाही.

एकाच बाजूला उतार असलेली पातीही मिळतात. त्यांची दुसरी बाजू सपाटच राहिली पाहिजे. तिथे कोर काढण्यापुरते, दगडावर अगदी आडवं टेकवून, चार हलके हात. तिथे उतार काढू नका.

जुने लोक म्हणतात, कानशीची करकरीत धारच बरी, ती करवतीसारखी कापते. त्यांनी तशी हरणं आणलीही आहेत. मी मघाशी रक्त गोठण्याबद्दल जे सांगितलं त्यावरून माझं मत गुळगुळीत धारेकडे आहे. आजोबांचंही. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे, कार्यक्रमानंतर.

तपासणी. आमच्या धंद्यात म्हणतात, चाचणी ठरवल्याशिवाय काम सुरू करू नका. हातावरचे केस निघतात का, ही सगळ्यांची आवडती चाचणी. एक तर ती मुलांनी करू नये. आणि केस काढणारी ती कोरसुद्धा असू शकते. दिव्याखाली पातं धरून सरळ धारेकडे पाहा. खरी धार दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे कड गोल आहे, प्रकाश परावर्तित होतोय. वर्तमानपत्राचा कागद कापा, पण टोकापासून बुडापर्यंत पूर्ण लांबीने, कुठेही न अडखळता.

आणि मग रबरबँड. एक छोटं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तोंड उघडं. त्यावर पाचसहा रबरबँड आडवे-उभे लावा. फार ताणू नका, ताणलेलं रबर बोथट पात्यानेही तुटतं. जेमतेम सरळ राहील इतकंच. आता पातं त्या जाळीतून हळूच खाली ढकला. धारदार पातं ज्याला स्पर्श करेल ते रबर कापून जातं. बोथट पात्यापुढे रबर सरकतं, बाजूला होतं आणि पातं निघून गेलं की पुन्हा जागेवर येतं, जसं काही घडलंच नाही. मघाशी रक्तवाहिनी वाट देते म्हटलं ना, तेच डोळ्यांनी दिसतं. माझ्या घरी नियम असा आहे: प्रत्येक पातं, प्रत्येक धार, रबरबँडमधून. एक रबर जरी सरकलं तरी ते पातं पुन्हा दगडावर. चिरंजीवांची पाच पाती आहेत, परवापर्यंत तीन पास झालीत. दोन अजून दगडावर आहेत. १ तारखेला तीनच घेऊन जावं लागलं तर तीन घेऊन जाऊ.

एवढं करून धार टिकते का? भात्यात घातल्यापासून ती जायला लागते. भात्याच्या टोपणात फोम असतो, पातं त्यात रोज खुपसलं-काढलं की कड घासते. फोममध्ये एकदाच खाच पाडा आणि पातं त्याच खाचेत ठेवा. सराव ज्या पात्याने केलात ते पातं शिकारीला नको, फोमच्या लक्ष्यातून एकदा गेलं तरी पुन्हा तपासा. पावसात, दवात पोलादाच्या कडेला गंज सर्वांत आधी धरतो, कारण ती सर्वांत पातळ. डोळ्याला दिसण्याआधी धार गेलेली असते. संध्याकाळी घरी आल्यावर व्हॅसलीनचं पुसट बोट फिरवायचं, अर्थात पाठीकडून कडेकडे. आणि आठवड्यातून एकदा पुन्हा रबरबँड. चुकून बाण मातीत किंवा झाडात गेला तर त्या दिवसापुरता तो बाद.

पालकांसाठी दोन गोष्टी. १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीच्या लायसन्ससाठी सुरक्षिततेचा कोर्स लागतो. मुलाबरोबर तुम्हीही बसा, तुम्ही जाणार नसलात तरी. दुसऱ्याच्या वडिलांबरोबर पाठवत असाल तर त्यांना एकच विचारा, 'पाती दाखवाल का?' ज्या माणसाची धार नीट आहे तो आनंदाने दाखवतो, तासभर बोलत बसतो. 'नवीच आहेत, ठीक असतील' असं उत्तर आलं तर मी पाठवणार नाही. शिष्टाचाराची काळजी करू नका, इथे हा प्रश्न कोणाला खटकत नाही.

बाण लागल्यानंतरचंही थोडं. लगेच धावायचं नाही. छातीत लागला असं वाटलं तरी अर्धा तास जागेवर थांबायचं. बाण सापडला तर त्यावरचं रक्त पाहायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद लाल असेल तर यकृत असू शकतं, काही तास द्यायचे. हिरवट, वास येणारं असेल तर पोट, आणि मग सहा-आठ तास, कधी रात्रभर. उत्तम धारही चुकीच्या जागी लागली तर सासूबाईंच्या 'बाकीच्या वेळा' येतातच. म्हणून वीस यार्डांपलीकडे मुलाने बाण सोडायचा नाही, आणि हरीण सावध असेल तर मुळीच नाही. घरी न्यायच्या आधी, हरणाच्या पोटात हात घालण्यापूर्वी, पात्याचे सगळे भाग मोजायचे. एखादं ब्लेड मोडून आत राहिलं असेल तर ते अजून तितकंच धारदार असतं.

झिजलेली ब्लेडं रीसायकलच्या डब्यात टाकू नका, तिथे माणसं हाताने वेगळं करतात. कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात साठवा, झाकणाला चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि रबरबँड विकत आणायची गरज नाही. ब्रोकोलीच्या आणि कोथिंबिरीच्या जुडीला येतात ती चालतात. आमच्याकडे सध्या ती ड्रॉवरमधून अदृश्य होतायत आणि घरात चौकशी सुरू आहे.